बंगल्याच्या उंबरठ्यावरची लाल बोटं

आधीच सांगून ठेवते, मी भित्री आहे. आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरात रात्री लाइट गेली, तर पाणी प्यायला उठायचं म्हणून मी आधी नवऱ्याला उठवते. मग तो कण्हत-कुंथत पुढे आणि मी त्याच्या बनियनला धरून मागे. अशी बाई भुताच्या बंगल्यात रात्र काढायला गेलीच कशी, असं तुम्ही विचाराल. पारोळा मागे पडेपर्यंत मीही स्वतःला हेच विचारत होते.

या सगळ्याला कारण माझी धाकटी बहीण सुजाता. ती धुळ्याला देवपुरात राहते आणि शाळेत शिकवते. साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या पाड्यांवरच्या मुली सातवी झाली की घरी बसतात, पुढची शाळा लांब म्हणून. आमची आईही अशीच चौथीनंतर घरी बसली होती, आणि ते तिनं आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की सुजातानं मुलींचं वसतिगृह काढायचंच ठरवलं. जागाही मिळाली. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारातला दगडी बंगला. राजस्थानातून आलेल्या कापसाच्या व्यापाऱ्यानं बांधलेला, त्याची नातवंडं आता सुरतेला असतात. नातवंडं म्हणाली, वापरा खुशाल.

घोडं अडलं ते गावात. बंगल्यात बाई दिसते, आम्ही पोरी पाठवणार नाही, असं पालकांनी तोंडावर सांगितलं. बऱ्याच बैठकांनंतर तोडगा निघाला की वसतिगृहवाल्या बायकांनी एक रात्र तिथं राहून दाखवायचं. उजाडायच्या आत कोणी दाराबाहेर पाऊल टाकलं तर विषय संपला. राहिल्या, तर जूनमध्ये पोरी येतील. हे ठरताच सुजाताच्या एका मैत्रिणीचं पोट बिघडलं, दुसरीच्या सासूला बरं वाटेना. "ताई, आता तूच उरलीस गं," सुजाता फोनवर म्हणाली.

त्यात रात्र कुठली, तर आखाजीच्या आदली! ऊसतोडीला गेलेले पालक आखाजीलाच गावात सापडतात, म्हणून. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेत असतील. आमच्याकडे माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात आणि घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात.

"आणि आपला उंबरठा?" नवऱ्यानं विचारलं.

"दुपारपर्यंत येते मी. तोवर कशाला हात लावू नका."

"जा, जा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं म्हणून त्यानं माझ्या पिशवीत दोन टॉर्च टाकले.

जळगावहून धुळ्याला एसटीनंच जा. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि एरंडोल, पारोळा करत गाडी दोन-अडीच तासांत पोचवते. फक्त उन्हाळ्यात दुपारची गाडी घेऊ नका. मी घेतली. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती आणि शेजारची बाई मला सारखी विचारत होती, "बरं नई का व ताई?" मी भुताचं काही बोलले नाही. संध्याकाळी सुजातानं पांझरेच्या पुलाजवळच्या एका खानावळीत शेवभाजी खिलवली. तर्री अशी की नाकाडोळ्यांतून पाणी. एका ताटात दोघींचं पोट भरतं, भाकरी हवी तितकी. ती मिटक्या मारत जेवली, मी भाकरी कुरतडत बसले.

दुसऱ्या दिवशी कुसुंबा, नेर करत साक्री, आणि तिथून काळीपिवळी जीप. जीपला वेळापत्रक नसतं, ती भरली की निघते, म्हणून सोबत पाणी ठेवा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही कॅमेरे घेऊन तिकडे धावाल. तसे लोक येतातच म्हणा. धुळ्याचा हेमंत नावाचा एक तरुण तिथं शनिवारी 'भूतशोध रात्र' भरवतो. माणशी आठशे रुपये, पहाटेचे चहा-पोहे धरून. वसतिगृह झालं तर त्याचा धंदा बसणार. तरी गावानं साक्षीदार म्हणून आमच्यासोबत त्यालाच बसवलं होतं. त्याची यंत्रं खोटं बोलत नाहीत म्हणे!

बंगला बाहेरून देखणा आहे, हे कबूल करायला हवं. जाड दगडी भिंती, रंगीत काचांची तावदानं, पुढे मोठा कडुनिंब. एकही काच फुटलेली नाही. आजूबाजूच्या जिनिंगचे पत्रेसुद्धा चोरांनी नेलेत, बंगल्याला मात्र कोणी हात लावलेला नाही. किल्ल्या शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्या अक्कांकडे असतात. त्यांनी पुढचं दार उघडून दिलं. आमच्याकडे नीट पाहिलंही नाही. "आजच बरी रात सापडनी तुमले," एवढं पुटपुटून त्या निघून गेल्या.

"म्हणजे काय गं?" मी सुजाताला विचारलं.

"म्हणजे काही नाही. तू अंथरूण घाल."

हेमंतनं लाल दिवे लुकलुकणारी यंत्रं मांडली, एक छोटा कॅमेराही चालू करून ठेवला. एक यंत्र जोरात किंचाळलं आणि मीही किंचाळले. माझ्या नवऱ्याचा फोन आला होता, त्यानं ते वाजलं. नंतर हेमंत आम्हाला दिवाणखान्याच्या मागच्या खोलीपाशी घेऊन गेला. "मॅडम, हा मधला उंबरठा बघा. बोटं उमटलीत, रक्ताची. दर वर्षी ताजी होतात. माझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ याचाच आहे."

सुजातानं वाकून पाहिलं. "वाळलेलं काहीतरी आहे खरं," ती म्हणाली. मी पाहिलंच नाही. मी टॉर्च छताकडे धरला आणि पालीवर लक्ष ठेवलं. एकवेळ पाल परवडली.

रात्रीचं फार सांगण्यासारखं काही नाही. उकाडा मरणाचा. दार लावलेलं, पंखा नाही. सुजाता "भूत-बित काही नसतं" म्हणत आडवी झाली आणि घोरायला लागली. हेमंत भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. मी मात्र टक्क जागी. वटवाघूळ फडफडलं की माझा जीव टांगणीला, कडुनिंबाची फांदी तावदानाला घासली की तोंडचं पाणी पळे. मनात एकच जप चालू होता, की माझ्या भित्रेपणामुळे त्या पोरींची शाळा बुडायला नको. दार उघडून पळून गेले, तर सुजाता काही बोलणार नाही, पण मला जन्मभर आईच आठवत राहील.

पहाटे कधीतरी कोंबडं आरवायच्या आधी मागच्या खोलीत कडी वाजली. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, गुडगुड, गुडगुड, जसं रिकामं भांडं कोणी हळूहळू भरतंय. मधल्या दाराच्या फटीतून पिवळा उजेड आत आला.

हेमंतच्या हातातला मोबाइल खाली पडला. "असं... असं आधी कधी नव्हतं झालं," तो म्हणाला. सुजाता ताडकन उठली आणि माझी शूर बहीण सरळ पुढच्या दाराकडे धावली. तिचा हात कडीवर गेला.

"ताई, चल! बाहेर चल आधी!"

मी तिचं मनगट धरलं. खरं तर धीर म्हणून नाही, एकटी मागे राहायची भीती वाटली म्हणून धरलं. ती हिसका मारत होती, मी सोडत नव्हते. "कडी काढलीस तर संपलं सगळं," मी म्हणत होते. तेवढ्यात मला वास आला. निखाऱ्यावर तूप नि गूळ पडल्याचा.

हा वास मी दर आखाजीला माझ्या स्वयंपाकघरात घेते. पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, भूत कशाला आगारी टाकेल? आगारी गेलेल्या माणसासाठी टाकतात, आणि ती टाकणारा जिवंत असतो!

मी मधलं दार ढकललं.

उंबरठ्यापाशी अक्का बसल्या होत्या. शेजारी पणती, खापरात निखारे, पाण्यानं भरलेली घागर आणि तिच्यावर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज. त्यांचं बोट कुंकवानं माखलेलं होतं आणि उंबरठ्यावर ताजी लाल रेघ होती. आम्हाला पाहून त्या आमच्याहून जास्त घाबरल्या.

"भूत नई शे व माय," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी शे."

आखाजीच्या पहाटे घरातली बाई एकेका पितराचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते. हेमंतची आईही धुळ्यात हेच करत असणार. तो तेव्हा अंथरुणात असणार. इतकी वर्षं कुंकवाला रक्त समजून तो व्हिडिओ विकत होता. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो उकिडवा बसून ती बोटं जवळून बघायला लागला.

अक्कांनी सांगितलं ते असं. शेठच्या घरी सोनाबाई नावाची स्वयंपाकीण होती. दुष्काळात विहिरीला शेठचं कुलूप असायचं. शेठ झोपला की सोनाबाई ते काढायची आणि गावातल्या बाया अंधारात पाणी भरून न्यायच्या. अक्कांच्या आईनंही नेलं होतं. सोनाबाई याच खोलीत वारली. "तिले कोनी नई व्हतं," अक्का म्हणाल्या. "मंग तिनी घागर कोन भरी?" आधी त्यांच्या आईनं भरली आणि आईनंतर यांनी. सासरच्या दारात परक्या बाईची घागर चालायची नाही, म्हणून इथंच, मागच्या दारानं, कोणी उठायच्या आत. एकदा कोणीतरी उजेड पाहिला आणि गावात बोभाटा झाला. यांनीही तो होऊ दिला. त्या भीतीनं बंगल्याच्या काचासुद्धा शाबूत राहिल्या!

"आते पोरी येतीन," त्या म्हणाल्या, "मंग माले कोन येऊ देई?"

सुजाता त्यांच्याजवळ बसली. अक्कांनी आम्हाला विचारलं, तुमची आई आहे का? नाही म्हटलं, गेल्या वर्षी गेली. भाऊ? तोही नाही. त्यावर अक्का सहज म्हणाल्या, "मंग तुमन्ही मायनी घागर कोन भरस?"

सासरच्या उंबरठ्यावर मी सासऱ्यांचं, सासूबाईंचं, आजेसासऱ्यांचं बोट ओढते. आईचं तिथं कुठं येतं? हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मला रडू कोसळलं आणि सुजातालाही.

उजाडल्यावर अक्का मागच्या दारानं गेल्या. आम्ही पुढचं दार उघडलं. अंगणात पाड्यांवरचे पालक येऊन बसले होते. रामजीभाऊ नावाच्या एका बापानं विचारलं, "रात्री काही दिसलं?"

आता आली का पंचाईत! हो म्हणावं तर अक्कांचं बिंग फुटणार. नाही म्हणावं तर हेमंतच्या कॅमेऱ्यात आवाज आणि उजेड दोन्ही होते. मी हेमंतकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, पण कॅमेरा खिशात टाकला. पालकांत कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात अक्का बंगल्याला वळसा घालून पुढे आल्या. डोक्यावर पदर, बोटाला कुंकू तसंच. गर्दीत त्यांचा थोरला दीरही उभा होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "रातले जे दिसस ते मी शे," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत सोनाबाईचं सांगून मोकळ्या झाल्या. दिराचा चेहरा कडू झाला. तो काही बोलणार, इतक्यात रामजीभाऊ उठले, आत गेले आणि घागर पाहून आले.

"आमच्या पोरी जिथं झोपणार," ते म्हणाले, "तिथलं माणूस तहानलेलं ठेवून कसं चालेल? अक्का, घागर भरत जा. पण आता उजेडी भर. माझी पोरगी येईल जूनला."

दीर म्हणाला, "भर मंग," आणि पायानं माती उकरत राहिला. हेमंतनं सुजाताला हळूच विचारलं, वसतिगृहाला रात्रीचा वॉचमन लागेल का. ती हसली. या वॉचमनला अंधारात सोबत कोण देणार, असं माझ्या मनात आलं.

परतीच्या एसटीत मला उभं राहावं लागलं, सणाची गर्दी. घरी पोचले तर उंबरठा सांगितल्याप्रमाणे कोरा. पाय धुतले, कुंकू भिजवलं आणि एकेक नाव घेत बोटं ओढली. शेवटी थांबले. नवरा बघत होता. मी आणखी एक बोट ओढलं.

"हे कोणाचं?"

"माझ्या आईचं."

तो चपला घालून बाहेर पडला. मला वाटलं, रागावला. थोड्या वेळानं कुंभाराकडून दुसरी घागर घेऊन आला आणि स्वतःच धुवायला बसला.

मी शूर झाले, असं समजू नका. बंगल्यात पुन्हा एकटी झोपायला सांगाल तर मी येणार नाही. पण काल रात्री लाइट गेली. मला तहान लागली होती आणि नवरा गाढ झोपलेला. मी अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेले. माठापुढे दोन्ही घागरी ठेवलेल्या, हात पोचेना.

"आई, जरा सरक गं," मी म्हणाले, आणि पाणी प्यायले.