भोकरदनच्या भट्टीवरची नानखटाई

मला बघायला पाहुणे येणार होते, त्याच्या आदल्या दिवसापासून सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पिंपळगाव रेणुकाईला राहायचो. नानखटाई करायची म्हणजे मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यात भरून जीपने भोकरदनला बेकरीच्या भट्टीवर जायचं... गावात ओव्हन होता कुणाकडे!

तिथे बायकांची ही रांग. आपला माल आपणच मळायचा, गोळे पत्र्यावर लावायचे आणि भट्टीवाले चाचा भाजून द्यायचे. मी आणि आईने घामाघूम होत डबाभर नानखटाई आणली.

घरी आल्यावर आईने बजावलं, "उद्या कुणी विचारलं तर म्हणायचं, मीच केली, घरीच केली. भट्टीचं नाव काढू नको."

मुलगा शाळेत मास्तर. मला तो फोटोतच आवडला होता, त्यामुळे मीही मुकाट मान डोलावली. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईंनी एक नानखटाई मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "कशावर भाजली गं पोरी?"

झालं! पाठ केलेलं सगळं विसरले. चुलीवर म्हणावं तर कोण विश्वास ठेवणार... आणि खोटं बोलायचा मला पहिल्यापासूनच कंटाळा. सरळ सांगून टाकलं, "भोकरदनच्या भट्टीवर. मळली मी, भाजली चाचांनी."

आईने डोळेच मिटले. मलाही वाटलं, गेलं स्थळ.

पण त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आवं, ही चौथी पोरगी बघून राह्यलो आम्ही. समद्या घरी नानखटाई, अन् आधीच्या तिघी म्हणल्या, घरीच केली! मी बी त्याच भट्टीवरून आणते. मला वास वळखू येत न्हाई का?"

तिथेच सुपारी फुटली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबाई आणि मी दोघींनी त्याच रांगेत बसून डबा भरून आणला. पाडव्याला पाहुणे आले. बशी पुढे करत सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "घ्या, आमच्या सुनंनं केली. बिलकुल घरची!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले... सासूबाईसुद्धा.

"हो, घरीच केली," मी म्हटलं. इतक्या आनंदाने खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.