डॉक्टरिणीचा कान

माझ्या मुलीला गॅरेजमध्ये सगळे डॉक्टरीण म्हणतात. ती बारावीच्या पुढे शिकली नाही. पण हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवून, मूठ कानामागच्या हाडाला लावून ती डोळे मिटून उभी राहिली, की गाडीचा मालक स्वतःचीच नाडी दाखवायला आल्यासारखा गप्प होतो. घरी ती अजून छकुलीच आहे. सव्वीस वर्षांची, माझ्यापेक्षा खांद्याने रुंद, नखांत कायमचं काळं ग्रीस असलेली छकुली.

हा नाद तिला बापाकडून लागला. तो टॅक्सी चालवायचा. टोयोटाची जुनी कोरोला. आमच्याकडे आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. लोक त्याला विचारत, या गाडीत असं आहे तरी काय? दिसायला देखणी नाही, पळायला वारा नाही. तो म्हणायचा, “चावी फिरवली की चालू होते. रोज. आणखी काय पाहिजे माणसाला?” बारा वर्षांत ती रस्त्यात एकदाही रुसली नाही. “घरात ही एकटीच बिनतक्रारीची,” असं तो मला ऐकवायचा.

“तक्रार ऐकून घ्यावी लागते, मग कळते,” मी म्हणायचे.

छकुलीला झोपताना राक्षसांच्या गोष्टी नको असत. तिला मागवाल्याची गोष्ट हवी असायची. जपानमधल्या एका खेड्यात सुताराचा मुलगा होता. आई हातमागावर बसून दमते, हे तो रोज बघायचा. म्हणून तो मागच सुधारायला बसला. गावाने त्याला वेड्यात काढलं. होता होता त्याने असा माग केला, की एक धागा तुटला तर माग आपणहून थांबायचा. वाईट कापड विणतच राहायचं नाही, हे त्या लाकडा-लोखंडाला कळायचं. पुढे त्या मागाचे हक्क इंग्रजांच्या एका कंपनीने घेतले आणि त्या बळावर त्याच्या मुलाने मोटारींचा घाट घातला. पहिले ट्रक रस्त्यात बंद पडायचे, तेव्हा कंपनीची माणसं जाऊन ते दुरुस्त करायची आणि काय चुकलं ते लिहून आणायची. घराण्याचं नाव टोयोडा. गाडीचं टोयोटा केलं, कारण त्यांच्या लिपीत ते आठ रेघांत लिहून होतं आणि आठ हा आकडा ते शुभ मानतात. छकुली आठ बोटं वर करून झोपायची.

एकदा तिने विचारलं होतं, “बाबा, माग थांबला की मग काय?”

“मग कुणीतरी येऊन धागा सांधतं.”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

“येतं गं. झोप आता.”

ती पंधरा वर्षांची असताना तो गेला. एका दुपारी गाडी सावलीत उभी केली, काच खाली घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हृदयविकाराचा झटका होता. इंजिन तासभर चालूच होतं, असं मागाहून कुणीतरी सांगितलं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी गाडी घेऊन उस्तादांच्या गॅरेजमध्ये गेलो. उस्ताद फक्त टोयोटाच हातात घेतात. टोयोटाच्या कारखान्यात कामगारांच्या डोक्यावरून एक दोर गेलेला असतो, कुणालाही काही चुकलेलं दिसलं तर त्याने तो ओढायचा आणि काम थांबवायचं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधला. टोकाला एक पितळी घंटा. घंटा वाजली की हातातलं काम टाकायचं, सगळ्यांनी जमायचं आणि ओढणाऱ्याने काय चुकलं ते मोठ्याने सांगायचं. “ओढणाऱ्याला शिव्या नाहीत,” उस्ताद म्हणायचे, “न ओढणाऱ्याला आहेत. आणि त्या मी मनापासून देतो.”

आम्ही बाकावर बसलो होतो. समोर दुसऱ्या कुणाची तरी गाडी तयार होऊन बाहेर निघाली. छकुली उठली, सरळ गेली आणि तिने दोर ओढला. सगळं गॅरेज थांबलं.

“ही कोण पोरगी?” उस्ताद म्हणाले.

“गिऱ्हाईक आहे,” रंगारी हसून म्हणाला. तो तिथे गाड्यांचा रंग मारतो आणि सगळ्यांच्या नावाने टोमणे मारतो. “आता गिऱ्हाइकंच आपल्याला कामाला लावणार.”

“मागचं उजवं चाक घुमतंय,” छकुली म्हणाली. “डाव्याचा असा आवाज येत नाही.”

चाक काढलं. बेअरिंग गेलेलं होतं. उस्तादांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “वहिनी, परीक्षा झाली की हिला माझ्याकडे पाठवा. हा कान घरी ठेवून काय करणार?”

दहा वर्षं झाली त्याला. पुढे रीतच पडली. गाडी तयार झाली की छकुली तिची एक चक्कर मारणार, ऐकणार आणि म्हणणार, “जाऊ दे.” ती म्हणाली की गेली. पूर्वी उस्ताद शेवटी चाकं उघडून बघायचे, ते त्यांनी सोडलं. बाकीच्यांनीही सोडलं. डॉक्टरिणीने ऐकल्यावर आणखी बघायचं काय?

माझा डावा कान तिशीतच गेला. हळूहळू गेला, म्हणून मी त्याचं कधी फार मनावर घेतलं नाही. उजव्यावर निभावलं. पण गेल्या पावसाळ्यापासून छकुली माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागली. दूध उतू जाताना पाठमोरी उभी असायची. फोन वाजून वाजून बंद व्हायचा आणि ती म्हणायची, सायलेंटवर होता. मी लगेच ओळखलं, कारण हे सगळं मी आधी केलेलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिला ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आलेख समोर ठेवला. रेघ डावीकडून बरी निघाली होती आणि उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, ते म्हणाले. मग बाकीचे. नसेचा दोष आहे, ऑपरेशन होत नाही. यंत्राने आवाज मोठा होईल, स्वच्छ होईलच असं नाही. “घरात कुणाला आहे?” त्यांनी विचारलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. “उस्तादांना सांगायचं नाही.”

“अगं, पण...”

“आई, मला दुसरं काही येत नाही. मी हाताने ओळखते आता. बोनेटवर तळवा ठेवला की कळतं. वर्षभर तसंच चाललंय, कुणाला कळलंय? तू बोललीस तर मी परत तुझ्याशी बोलणार नाही.”

यंत्राची डबी तिने कपाटात साड्यांखाली ठेवली. मी गप्प बसले. ती काय गमावेल ते मला दिसत होतं. दुसऱ्या कुणाचं काय जाईल याचा मी विचारच केला नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे.

गेल्या मंगळवारी मी डबा द्यायला गॅरेजमध्ये गेले. नर्सबाईंची गाडी तयार होत होती. या बाई टेकडीवरच्या दवाखान्यात असतात, घर खाली वस्तीत, आणि दोन पोरं खालच्या वळणावरच्या पाळणाघरात. गाडी आली होती एसीचा पट्टा बदलायला. छकुली म्हणाली, “बस आई, चक्कर मारते, तुला घरीच सोडते.”

पहिल्याच उतारावर तिने ब्रेक दाबला आणि माझ्या उजव्या कानात सुई गेली. बारीक, लांब किंकाळी. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती.

“बघ, काय गप्प चालतेय,” ती म्हणाली. “टोयोटा आहे ही. नीट ठेवली तर नातवंडं बसतील हिच्यात.”

तिच्या चेहऱ्यावर बापाचं समाधान होतं. माझ्या जिभेवर शब्द आला होता. तो मी गिळला. गाड्या वाजतातच, मी स्वतःला सांगितलं. मला काय कळतं त्यातलं? तिने मला दारात सोडलं, परत गेली आणि म्हणाली असणार, जाऊ दे. गाडी दवाखान्याच्या आवारात पोचती झाली.

संध्याकाळी सहाला ती घरी आली ती उड्या मारतच. “आई, उस्ताद पाटी नवी करतायत. त्यांच्या नावाखाली माझं नाव! रंगारी म्हणतो, तुझं नाव छोटं काढतो, नाहीतर डोक्यात हवा जाईल.”

ती हात धूत होती. मी घड्याळाकडे बघत होते. नर्सबाईंची पाळी सातला सुटते. तो सगळा उतार, ती वळणं, आणि मग मागच्या सीटवर ती दोन पोरं.

“छकुले, ती गाडी वाजत होती.”

तिला ऐकू गेलं नाही. मी तिला खांद्याला धरून वळवलं. “नर्सबाईंची गाडी. ब्रेक दाबला की किंचाळत होती.”

तिच्या हातावरचा फेस तसाच राहिला. “कधी?”

“तू हसत होतीस तेव्हा.”

ब्रेकच्या पॅडला एक बारीक पत्रा असतो. पॅड झिजत झिजत संपायला आला की तो पत्रा चकतीला घासतो आणि किंचाळतो. मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कळावं म्हणून. पॅड झिजणं हा गाडीचा दोष नाही, चपलेची टाच झिजते तसंच ते. ऐकलं की बदलायचं, एवढंच. हे तिने मला कोरोलात बसल्यावर सांगितलं, दातांवर दात ठेवून. नर्सबाई फोन उचलत नव्हत्या. पाळीवर असताना तो कुलपात असतो. चावी फिरवली, कोरोला चालू झाली. रोजच्यासारखी.

“कसं वाजत होतं? करून दाखव.”

मी दातांतून बारीक शीळ घातली.

“आई, कर ना.”

“केली.”

“नुसती फुंकर मारतेयस!” ती ओरडली. “शीळ घाल, शीळ!”

मी पुन्हा घातली. जीव तोडून घातली, माझाच कान दुखेपर्यंत. ती रस्ता सोडून माझ्या ओठांकडे बघत होती. मग तिने समोर बघितलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

आम्ही आवारात शिरलो तेव्हा नर्सबाई गाडी मागे घेत होत्या. छकुली उतरून बोनेटसमोर जाऊन उभी राहिली.

“अगं डॉक्टरीणबाई, मरायचंय का?” नर्सबाई काच खाली करून म्हणाल्या. “मी आत्ताच घरी निघालेय, आता परत भरती नाही करून घेणार!”

“सिस्टर, उतरा. आधी उतरा.”

दिव्याखाली तिने पुढचं चाक काढलं. पॅडवर नखाएवढासुद्धा थर उरला नव्हता. नर्सबाई वाकून बघत राहिल्या. त्यांची थट्टा संपली.

“मग दुपारी कसं नाही कळलं?”

मी म्हणाले, “घाई होती हो, आज कामच इतकं...” छकुली माझ्या ओठांकडे बघत होती. मी खोटं बोलतेय हे तिने तिथेच वाचलं. तिने चाक परत बसवलं, गाडी तिथेच ठेवली आणि कोरोलाचं मागचं दार नर्सबाईंसाठी उघडलं. वाटेत पोरांना घेतलं. धाकटा माझ्या मांडीवर झोपला. त्याचं डोकं इतकं गरम आणि इतकं हलकं होतं, की घरी पोचेपर्यंत मी त्यावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “तू चल.” एवढंच बोलली.

गॅरेजमध्ये काम जोरात होतं. रंगारी शिडीवर चढून पाटी पुसत होता. “या, या! पाटीवरच्या मालकीणबाई आल्या!” तो म्हणाला. ती त्याच्याकडे पाठ करून दोराजवळ गेली आणि तिने तो ओढला.

घंटा वाजली. उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. रंगारी शिडीवरून उतरला. सगळे येऊन तिच्या मागे उभे राहिले, नियमाप्रमाणे. ती भिंतीकडे तोंड करून ओढतच होती. पुन्हा, आणि पुन्हा. दोर तिच्या मुठीत गुंडाळला गेला होता, घंटा फुटेल अशी वाजत होती आणि तिला वाटत होतं, वाजतच नाहीये.

“काय झालंय हिला?” उस्ताद म्हणाले. “वहिनी? आलोय ना आम्ही सगळे!”

रंगाऱ्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याने तोंड मिटलं. मला वाटतं, त्याला सगळ्यांत आधी कळलं.

मी पुढे झाले आणि तिचं मनगट धरलं.  तिने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं.

“वाजली गं,” मी म्हणाले. “वाजली. सगळे थांबलेत.”

तिने दोर सोडला. उस्ताद समोर आले आणि नेहमी विचारतात तसंच त्यांनी विचारलं, “कुठल्या गाडीत चुकलंय?”

ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिने दोन्ही हात वर नेले आणि आपल्या कानांवर ठेवले.