पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

माझी रेणू काय काम करते हे सांगताना पूर्वी माझी त्रेधा उडायची. "कम्प्युटरचं," म्हणून मी विषय बदलायची. आता कुणी विचारलं की मी त्याला आधी बसायला सांगते.

कुम्हारी गावातल्या एका कारखान्यात तिनं कामगारांची हजेरी मोबाइलवर आणली. गेटपाशी पान उघडायचं, आपला फोटो पाठवायचा, झालं. फोटो आणि त्याबरोबर जाणारा आधार नंबर वाटेत कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून तिनं त्या पानाला कुलूप बसवलं होतं. त्या कुलपाचं सर्टिफिकेट असतं म्हणे. प्लांटच्या गेटपाससारखं समजा. कधीपासून चालेल ते त्यावर लिहिलेलं. ऑफिसातला कम्प्युटर रोज सहाला जुना पास बाद करून नवा काढायचा आणि ज्याचा त्याचा मोबाइल तो तपासायचा.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. सहाच्या शिफ्टच्या बाया गेटवर आल्या की मोबाइल सांगे, पान सुरक्षित नाही. सहा वाजून गेले की उघडे, पण तोवर लेट लागलेला. रेणू नऊला पोचे तेव्हा सगळं ठीकठाक. तिनं पास तपासले, किल्ल्या बदलल्या, सगळं नव्यानं बसवलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. मालक म्हणाले, "ताला निकाल दो, नहीं तो शनिवार से वापस रजिस्टर." रेणूनं तोंडावर सांगितलं, बायांचे फोटो आहेत, कुलूप निघणार नाही. नोकरी नवी, आणि मालकाला असं उत्तर! मला धडकी भरली, आणि खरं सांगते, ऊरही भरून आला.

शुक्रवारी सहाचा घोळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती पहिल्या बसनं निघाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिची नुसती धावपळ. तिचे बाबा चहा पीत म्हणाले, "कावून पळून राहिली? आपलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं हाय ना."

यांची अख्खी नोकरी प्लांटात, भट्टीवर गेली. शिफ्ट चुकू नये म्हणून घड्याळ पुढं, ते रिटायर झाल्यावरही पुढंच. कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेणार.

रेणू एका पायात चप्पल घालून तशीच थांबली. "बाबा, प्रेमानंदकाकाबी असंच करते काय?"

प्रेमानंदभाऊ म्हणजे यांचे भट्टीवरचे जोडीदार, आता त्याच कारखान्यात सुपरवायझर.

"आमी भट्टीवाले सगळेच करतो," हे म्हणाले.

तिनं जाऊन बघितलं तर ऑफिसातल्या कम्प्युटरचं घड्याळही पंधरा मिनिटं पुढं. त्याचे सहा वाजायचे तेव्हा बायांच्या मोबाइलमध्ये पावणेसहा. पंधरा मिनिटांनी सुरू होणारा पास मोबाइल कसा मानणार?

"मीच केलो पोरी," प्रेमानंदभाऊ म्हणाले. "घड्याळ पुढं नसलं तं शिफ्ट भेटते काय?"

"काका, भिंतीवरचं ठेवा पुढं. याचं बरोबर राहू द्या."

कम्प्युटर आपली वेळ इंटरनेटवरून स्वतःच लावेल अशी सोय तिनं केली. शनिवारी सगळ्या बायांची हजेरी वेळेत लागली, आणि कुलूप जागच्या जागी राहिलं.

संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. हे उठले. स्टुलावर चढले आणि ज्या घड्याळाला मलासुद्धा हात लावू दिला नव्हता ते स्वतःच्या हातानं मागं घेतलं.

सोमवारी रेणूची बस चुकली. मला वाटलं, आता घड्याळ परत पुढं जाणार. यांनी स्कूटर काढली आणि पोरीला गेटपर्यंत सोडायला गेले. जाऊन यायला एक तास पुरे. पण गेटवर प्रेमानंदभाऊ होते, आणि सांगण्यासारखी पोरगी होती. हे दुपारी जेवायलाच आले.