भाभी, जागेवर बसा

मैनुद्दीनभाईंचा उजवा खांदा सकाळपासूनच कुरकुरत होता. सिरसाळ्यात परळी रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. मधोमध, गाडीखाली काम करायला, विटांनी बांधलेला चर, आणि त्या चरात उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून निघालेली सगळी उमर. डबा देताना बायकोने, आमिनाबीने, बजावलं होतं, आज चरात उतरायचं नाही. ते हो म्हणाले होते. हो म्हणायला खांदा लागत नाही.

तेवढ्यात शाळेत क्लार्क असलेला भारत जुनी गाडी करकरत घेऊन आला. मागच्या सीटवर उशीला टेकलेली त्याची आई, केशरबाई. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अंबाजोगाईला न्यावं लागायचं, आणि कालपासून त्यांनी हट्ट धरला होता, आता बस झालं. मशीनचं काही नाही, पण रस्ता मणका न् मणका मोजतो. भारतने हे अगदी हळू सांगितलं, तरी त्यांनी ऐकलंच.

"मरायला एवढ्या लांब कावून जायचं?" त्या म्हणाल्या.

'आज जमणार नाही' म्हणायला उघडलेलं मैनुद्दीनभाईंचं तोंड तसंच मिटलं.

केशरबाईंना बाजेवर टेकवून त्यांनी चाक काढलं. चाकाला धरणाऱ्या आर्ममधले रबरी बुश फुगून फाटले होते, वर काळ्या ऑइलचा चिखल.

"हे कुणी पाजलं बे?"

करकर थांबावी म्हणून आपणच जळकं ऑइल ओतत होतो, असं भारत चाचरत म्हणाला.

"तोंड दाबलंस तिचं. दुखणं तसंच ठिवलंस. ऑइलनं रबर कुजतं, बाबा."

नवे बुश साबणाच्या पाण्यात भिजवून त्यांनी वाईसच्या पोलादी जबड्यात दाबून बसवले. दांडा फिरवताना दर फेऱ्याला थांबत होते. शेवटी भारतनेच दांडा हातात घेतला, आणि त्यांनी घेऊ दिला. दुपार कलली तेव्हा गाडी चाकांवर, चरावर उभी राहिली. शेवटचे नट मात्र ढिलेच होते. गाडी लटकलेली असताना आवळले तर नवं रबर पिळलेलं राहून लवकरच फाटतं. आधी वजन बसवायचं, मग आवळायचं. भारत म्हणाला, दोन पोती टाकतो.

"पोती जानार हायेत का दवाखान्यात?" मैनुद्दीनभाई चरात उतरता उतरता म्हणाले. "भाभी, रोजच्या जागेवर बसा."

केशरबाई नाइलाजाने बसल्या. भारत स्टिअरिंगवर. खालून पाना कण्हला, मग माणूस.

"भाऊ, तुमाला बी दुखतंय का?" केशरबाईंनी पायाखालच्या पत्र्याला विचारलं.

"खांदा. त्याचे बुश बाजारात भेटत न्हाईत."

"मग कावून उतरलात?"

खालून आधी नट आवळल्याचा आवाज तेवढा आला.

"तुमी बसल्यात म्हनून."

भारत गाडी रस्त्यावरच्या गतिरोधकावरून नेऊन परत आला. मैनुद्दीनभाई चराच्या कडेला बसून होते. उठायचं बळ जमवत. केशरबाईंनी काच खाली केली. चेहरा तसाच थकलेला.

"दुखतंयच," त्या म्हणाल्या. "पन मघासारखं न्हाई." मग लेकाकडे न बघता, "सोमवारी जाऊ. फुडचं फुडं बघू."

गाडी निघाली. निरोपाला मैनुद्दीनभाईंचा उजवा हात वर गेलाच नाही, म्हणून त्यांनी डावा केला. आता आमिनाबीला काय सांगायचं, ते सुचेना.