पालथा कप

दत्तूभाऊ गेल्याचं त्यांच्या सुनेनं, मंगलनं, फोनवर सांगितलं तेव्हा आधी राग आला; रडू नंतर. शोकसभेत तो राग वाढला. "शेवटी भाऊ विरक्त झाले, चहासुद्धा सोडला," असं एका वक्त्यानं सांगितलं आणि माना डोलल्या. भाऊंनी चहा सोडला तो लघवीच्या धास्तीनं. विरक्ती कसली!

भाऊ वराळ्याचे शेतकरी, मी तळेगावचा निवृत्त मास्तर. कितीतरी वर्षं आम्ही रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालायचो. सत्तरीनंतर त्यांना सारखी लघवीला लागायची, आणि लागली की थांबवत नसे. वाटेत करवंदीच्या जाळ्या होत्या तोवर निभावलं. मग तिथं सोसायट्या आल्या. फाटकं, वॉचमन, कॅमेरे. "मास्तर, यवढी घरं बांधली, पन म्हाताऱ्याला आडोसा ठिवला न्हाई कुनी," भाऊ म्हणाले. मी हसलो... हसायला नको होतं.

चालणं देवळापर्यंत आलं, मग अंगणापर्यंत. पाणी घोटभर, आणि कुणी चहा आणला की कप पालथा. भाताचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठवायला हात द्यावा लागू लागला. वय झालं, असं घरचे म्हणत. मीही तेच म्हणालो; तेवढं बोललं की पुढचा विचार करावा लागत नाही.

शेवटी भांडून त्यांना लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेलं. मंगल सोबत होती. "आबा, काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. भाऊंनी सुनेकडे पाहिलं. "गुडगं दुखत्यात." मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

बाहेर आल्यावर मंगल औषध घ्यायला गेली, तेव्हा मी चिडलो, "बोलायचं होतं ना!"

"सुनंम्होरं? तुमी तरी कुटं बोललात?"

गुडघ्याचं मलम घेऊन परतलो. पुढच्याच महिन्यात भरदुपारी घाईनं मोरीकडे जाताना भाऊ पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. "आधी कळलं असतं तर औषध देता आलं असतं," ते म्हणाले. "पाय तरी टिकले असते." भाऊ अंथरुणातून उठलेच नाहीत.

परवा त्यांच्या घरी गेलो. फळीवर भाऊंचा कप तसाच पालथा. मंगल चहा घेऊन आली आणि माझा हात आपोआप माझ्या कपावर गेला. मलाही हल्ली वरचेवर लागते, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही... मी हात काढला.

"कप पूर्ण भर," म्हटलं, "आणि मोरीची वाट मोकळी ठेव, पोरी. मला सारखं जावं लागतं."