अवो, बंद करा, जळंल

एकाच गाण्याच्या मागे इतकी वर्षं हात धुऊन लागलेला माणूस सगळ्या जुन्नर-आंबेगावात आमच्या दाजींशिवाय दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. अवसरी खुर्दला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. जन्मभर मोटारी ऐकून त्यांचा कान असा झालाय की माणसंही ते कानानंच तपासतात. आमच्या गावी, आण्याला, आले की आधी फ्रिजजवळ कान देऊन उभे राहतात, मग पाणी मागतात. लग्नात भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं की शेजारच्याला सांगतात, "बेरिंग गेलंय." एकदा माझ्या सासूबाई खोकल्या, तर म्हणाले, "मावशी, व्होल्टेज कमी पडतंय, दवाखान्यात जाऊन या." त्या गेल्या आणि खरंच अंगात रक्त कमी निघालं. तेव्हापासून सासूबाई डॉक्टरच्या आधी दाजींना खोकून दाखवतात.

दुकानाच्या वरची खोली दाजींनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या चार पोरांना भाड्यानं दिली होती. पोरं गिटार आणि ड्रम घेऊन आली होती, पुस्तकं मागाहून आली. एका दुपारी ती वर काहीतरी वाजवून मोबाईलमध्ये भरत होती, म्हणजे रेकॉर्ड करत होती, आणि खाली दाजी एका गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडत होते. बाकावर मोटार लावलेली होती आणि विजेच्या तीन फेजपैकी एक गेला होता. असं झालं की मोटार फिरत नाही, जागेवरच घूं करत बसते, आणि लगेच बंद केली नाही तर जळते. दाजींना भांडणात ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते अक्काला. पिठाच्या हातानं ती दारात आली आणि ओरडली, "अवो, बंद करा, जळंल."

ते घूं आणि ती अक्का, दोन्ही पोरांच्या मोबाईलमध्ये गेलं. त्यांनी त्याचंच गाणं केलं. सुरुवातीला गिटार मोटारीसारखी घूं करते, मग ड्रम कोसळतात, मग चौघं घसा फाटेस्तोवर "एक फेज गेला, एक फेज गेला" म्हणत राहतात, आणि ऐन रंगात सगळं एकदम थांबतं. त्या शांततेत अक्का बोलते. मग पुन्हा धुमाकूळ. याला रॉक म्हणतात म्हणे. अक्कानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मेल्यांनी माझं खरकटं बोलणं उचललं," आणि चौघांना जेवायला बसवलं.

गाण्याला कॉलेजात पहिला नंबर मिळाला आणि ते मोबाईलमधून मोबाईलमध्ये गेलं. चारी पोरं शिकून बाहेर पडली, पण गाणं काही गेलं नाही. दर वर्षी नवीन पोरं येतात आणि अभ्यासाच्या आधी ते गाणं पाठ करतात. नारायणगावच्या टोमॅटोच्या पिकअपमध्ये तेच, गणपतीत तेच. एका सरांनी तर स्टेजवरून सांगितलं की हे गाणं तारुण्याच्या सरत्या काळाबद्दल आहे. दाजी मागच्या रांगेत उठून उभे राहिले. "सर, फेज म्हंजे लाल, पिवळा आन् निळा. तारुण्याचा काय संबंध न्हाई."

चार वर्षांपूर्वी अक्का गेली. आणि त्याच सुमाराला गाण्यातलं तिचं वाक्यही बदललं. झालं असं, की एका वरातीत बँडवाल्याला वाटलं, लग्नकार्यात 'जळंल' असा अशुभ शब्द कशाला. त्यानं तिथल्या तिथं केलं, "अवो, चालू करा, जमंल." लग्न जमतं, तसं जमंल. लोकांना ते इतकं आवडलं की नवरदेवाच्या मामापासून सगळे तेच ओरडायला लागले, मोबाईलमध्येही बँडचंच गाणं फिरायला लागलं, आणि वर्षभरात जुनं कोणाला आठवेना.

दाजींनी मात्र हत्यार खाली ठेवलं नाही. दुकानाबाहेर पाटी लावली: 'गाण्यावर जाऊ नये. फेज गेल्यावर मोटार चालू करू नये.' गाणं लागलं की ते चालत्या जीपमधून उतरायचे. नारायणगावहून आण्याला येताना त्यांना तीन-तीन जीपा बदलाव्या लागायच्या. एकदा मी बरोबर होते.

"भाऊ, बंद कर त्ये. शब्द चुकीचे हायेत," दाजी म्हणाले.

"अख्खा तालुका म्हणतोय राव. तुमी कोण चूक काढणारं?" ड्रायव्हर म्हणाला.

"त्या गाण्यातला 'अवो' म्हंजे मी."

ड्रायव्हरनं आरशातून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि जीप बाजूला घेतली. मी पदर तोंडाला लावून उतरले. बेल्ह्याच्या अलीकडे उन्हात उभे असताना दाजी मला म्हणाले, "तिचं एवढंच बोलणं ऱ्हायलंय जगात. त्ये बी उलटं करून टाकलं यांनी."

या वर्षी ती चार पोरं, आता पोटं सुटलेली, परत आली. गाणं नव्यानं नीट भरायचं ठरलं होतं. जुना मोबाईल कधीच हरवलेला, आणि फिरत फिरत आलेल्या गाण्यात अक्काचा आवाज पार घासला होता. पुण्याच्या एका गाणाऱ्या मुलीकडून त्यांनी वाक्य म्हणवून घेतलं. दाजींनी ऐकलं. "ही 'अहो' म्हणती. 'अवो' पायजे." आणि ते थेट आण्याला आले.

माझा आणि अक्काचा आवाज एक. फोनवर आईसुद्धा फसायची. पण मी चारचौघांत तोंड उघडत नाही, आणि नुसतं 'अवो' आमच्यात नवऱ्यालाच म्हणतात. बहिणीच्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन मी ते कसं म्हणणार? दाजी चहाला शिवले नाहीत. "मेव्हणबाई, तीन बोलांचं काम हाय. अवो, बंद करा, जळंल. तीन फेज. एक जरी सोडला तरी गाणं फिरणार न्हाई." शेवटी माझे यजमानच हसून म्हणाले, "चल. मीबी येतो."

अवसरीला दुकानाच्या वरच्या खोलीत मला माईकसमोर उभं केलं. मी पाच वेळा म्हटलं. पाचही वेळा दाजींनी मान हलवली. "तुमी लई सांभाळून बोलता. ती अशी बोलायची न्हाई." मग ते जिना उतरून खाली गेले. मला वाटलं, सुटले.

एवढ्यात खालून घूं असा आवाज आला. जिन्याच्या दारातून वाकून पाहिलं, तर माझे यजमान बाकावरच्या मोटारीजवळ, स्टार्टरच्या बटणावर बोट ठेवून बावळटासारखे उभे. मी ओरडले, "अवो, बंद करा, जळंल."

मागे पोरं टाळ्या वाजवायला लागली. सगळं भरलं गेलं होतं. एका फेजचा फ्यूज दाजींनीच काढून ठेवला होता आणि यांना सांगितलं होतं, "पावणं, जरा हिरवं बटण दाबा."

पण मोटार अजून घूं करतच होती. मी खाली गेले. यजमान बाजूला सरकले होते आणि दाजी लाल बटणावर बोट टेकवून, न दाबता, उभे होते. तारेवरच्या वार्निशचा जळका वास यायला लागला होता.

"दाजी, बंद करा की. जळंल."

त्यांनी बटण दाबलं. दुकान एकदम शांत झालं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आधीच बंद केली असती, तर तुमी परत म्हणाला नसता."