मागचं डावं चाक

पेशकारकाका कुठेही निघण्याआधी गाडीची चारही चाकं अंगठ्याने दाबून बघत. भाजीवालीपुढे बसून वांगी दाबावीत तशी, एकेक, सावकाश. मग खिशातून हवा मोजायची नळी काढून तीच तपासणी पुन्हा. अंगठा आणि नळी यांचं एकमत झालं की म्हणत, "चला, साक्ष पक्की झाली."

आयुष्यभर ते शहरातल्या दिवाणी कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून लोकांना पुढच्या तारखा देणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मलकपेठेत सगळे त्यांना पेशकारसाहेबच म्हणत. मी नांदेडहून नोकरीसाठी आले आणि त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागले. माझं ऑफिस तारनाक्याला आणि काकूंच्या उपचाराचं इस्पितळ त्याच्याच थोडं पुढे. त्यामुळे ठरलेल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याच जुन्या चौकोनी गाडीत असे. मागच्या सीटवर डाव्या बाजूला उशा लावून काकू, त्यांच्या शेजारी मी.

काकूंच्या कमरेच्या मणक्यात गाठ होती. इस्पितळात यंत्राने तिला किरणांचा शेक देत. शेकाचं काकूंना काही वाटत नसे, वाटायचं ते रस्त्याचं. खड्डा आला की कमरेतून निघालेली कळ थेट मस्तकात जायची. काकू ओरडत नसत, फक्त माझं मनगट घट्ट धरत. ऑफिसात फायली उघडताना ते मनगट दुखत असायचं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. आता काकांनी करण्यासारखं काय होतं? औषध डॉक्टरांचं, शेक यंत्राचा, रस्ता सरकारचा. उरली चाकं. मग त्यांनी चाकंच हातात घेतली.

परदेशी मालाला बाजार नुकता उघडला होता, ती वर्षं. टायरवाल्या सलीमभाईच्या दुकानात त्याच्या वडिलांच्या काळी जुन्या टायरवर नवं रबर चढवून मिळायचं. आता तिथे काचेचं दार लागलं होतं आणि भिंतीवर तऱ्हेतऱ्हेचे नवे टायर टांगले होते. काका तिथे तासन्‌तास उलटतपासणी घेत बसत. शेवटी सलीमभाईने हात जोडून निकाल दिला. "पेशकारसाब, नायलॉन पत्थर है. गड्ढे में खुद नै टूटता, अंदर बैठे सो आदमी कू तोडता. रेडियल मखमल है. आदमी कू बचाता, खुद फटता."

काकांनी त्याच दिवशी चारही चाकांना रेडियल चढवले. डिकीतलं जादाचं चाक मात्र नायलॉनचंच राहिलं. शिवाय चाकांत ते हवा दोन पौंड कमी ठेवत, अजून मऊ बसावं म्हणून. सलीमभाई बजावून थकला, की हवा कमी असली तर खड्ड्याच्या काठात आणि लोखंडी रिंगेत सापडून टायरची कूस चिरते. पण जन्मभर वकिलांचं ऐकून घेतलेला माणूस टायरवाल्याला काय बधणार?

खड्ड्यांशीही त्यांची बोलण्याची भाषा कोर्टाचीच. चादरघाटाच्या पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा खड्डा होता. कोणी बडा माणूस येणार म्हटलं की त्यात घाईघाईने खडी ओतत, आणि पंधरा दिवसांत तो पुन्हा आ वासून तयार. खडी पडलेली दिसली की काका गाडी हळू करून म्हणत, "भरला नाही, पुढची तारीख दिलीय."

एकदा सिकंदराबादचा भाचा कोरी गाडी घेऊन आला. मामींना आता हिच्यातूनच नेतो म्हणाला. थंडगार गाडी, रुंद बुटके टायर, आत ट्यूबच नाही. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, घरापर्यंत आरामात पोचता येतं, असं तो कौतुकाने सांगत होता. काकांनी खाली बसून अंगठा लावला आणि उठून म्हणाले, "ह्याला पोटच नाही. धक्का गिळायला पोट लागतं, बाबा." भाचा फुगून निघून गेला. महिन्याभरात एका खड्ड्यात त्याची रिंगच वाकली आणि सगळी हवा एका दमात गेली, तेव्हा काका दोन दिवस खुशीत होते.

इस्पितळाच्या दारात गाडी थांबली की ते मागे वळून एकच प्रश्न विचारत, "आज कसं?" काकू म्हणत, "आज धक्के कमी लागले." ते ऐकताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. एखादा दावा जिंकलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या उतरतो ना, तसे ते नंबर लावायला पायऱ्या चढत.

एके सकाळी ते असेच नंबराची चिठ्ठी आणायला गेले आणि बाकावर आम्ही दोघीच होतो. रेडियलने बराच फरक पडला ना, असं मी सहज विचारलं. काकू हसल्या.

"कशाचा फरक? सगळे सारखेच लागू लालेत गं. पण त्यांना तेवढंच करता येतंय. ते कसं काढून घेऊ?" मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "बोलू नको कुठे."

मी बोलले नाही. नको तिथे मी शब्दाची फार पक्की.

त्यानंतरचा एक शुक्रवार होता. विद्यानगरच्या चौकात गाडीचं मागचं डावं चाक एका खड्ड्यात गेलं आणि मोठा आवाज झाला. टायर कुशीतून वीतभर फाटला होता. इराणी हॉटेलातून खुर्ची मागवून आम्ही काकूंना कसंबसं बाहेर बसवलं. त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता. काकांनी डिकीतलं चाक काढलं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले. नायलॉनचं कडक चाक, तेही काकूंच्या बरोबर खाली.

"हिच्याखाली पत्थर नको," म्हणाले आणि कामाला लागले. पुढचं उजवं रेडियल काढून मागे बसवायचं आणि पत्थर पुढे, स्वतःकडे. जॅक एकच होता. बाजूच्या बांधकामावरून विटा आणून गाडी त्यांवर टेकवायची, एक चाक काढायचं, पुन्हा जॅक फिरवायचा. सत्तरी ओलांडलेला माणूस भर उन्हात रस्त्यावर आडवा झाला होता. हॉटेलातले दोघे मदतीला आले, त्यांनीही म्हटलं, साब, जो है सो लगा देव. काकांनी ऐकलं नाही.

मी काकूंच्या डोक्यावर ओढणी धरून उभी होते. काका, लावा ते कडक चाक, काकूंना सगळी सारखीच आहेत, एवढंच मी म्हणायला हवं होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली, नको. मी ओढणी सावरून धरली.

इस्पितळात पोचलो तेव्हा यंत्राची वेळ संपली होती. पुढचा नंबर सोमवारचा मिळाला. रविवारी सकाळी काकूंना पाय उचलता येईनात. ते पाय पुन्हा कधीच उचलले गेले नाहीत. दोन महिन्यांनी काकू गेल्या. एका दिवसाच्या शेकाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी काकांना माझ्यासमोर दोनदा सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही.

तेरावा झाल्यावर त्यांनी चारही चाकांना नायलॉन चढवले. मला म्हणाले, चल, तारनाक्याला सोडतो. अंगठा लावला नाही, नळी काढली नाही. सवयीने मी मागेच बसले. त्या दिवशी काकांनी एकही खड्डा चुकवला नाही. चादरघाटाचा म्हातारा खड्डा, काचीगुड्याचे, सगळे दिसत असताना ते गाडी सरळ आत घालत होते. माझे दात एकमेकांवर आपटत होते.

विद्यानगरच्या चौकात त्यांनी गाडी बाजूला घेतली. वळून न बघताच विचारलं, "तू शेजारी बसायचीस. खरं सांग. रेडियलवर तिला कमी लागायचे ना?"

काकू नव्हत्या. शब्द पाळायला आता कोणी सांगत नव्हतं. पण ती गाडी चालवणारा माणूस आरशातून माझ्याकडे बघत होता.

"हो काका," मी म्हटलं. "खूप कमी."

त्यांनी गाडी सुरू केली. पुढचा खड्डा त्यांनी चुकवला.